लाल चिठ्ठी

मंदी आली आणि कंपनीने अकरा विमानं मैदानात उभी करून ठेवली. टायर चपटे होऊ नयेत म्हणून दर सोमवारी त्यांची चाकं थोडी फिरवायची, एवढंच मेकॅनिकचं काम उरलं. उडत्या विमानांना काही लागलं की या उभ्यांतून काढून न्यायचे. एकदा इंजिन उतरलं की ते विमान भंगारातच. दहा अशीच गेली. अकराव्याच्या धडधाकट इंजिनांवर मात्र मेकॅनिकने गुपचूप ‘नादुरुस्त’ची लाल चिठ्ठी लावून टाकली.

त्यानंतर चौदा महिन्यांनी प्रवासी परतले, विमानं कमी पडू लागली. साहेब तडक मैदानात आले. “अकरावं किती दिवसांत तयार होईल?”

मेकॅनिकने इंजिनाकडे बोट दाखवलं. “साहेब, त्याला तर लाल चिठ्ठी…”

“लाल चिठ्ठी लागली की आठ दिवसांत तपासनीस येतो. तुझ्याकडे आला?”

“नाही. नशीब माझं.”

“नशीब कसलं, लेका! त्याला बोलवायचा कागद चौदा महिने माझ्या खणात दाबून ठेवलाय.” साहेब कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. “आज पाठवतोय. आता येऊ दे त्याला खुशाल, चिठ्ठी काढायला!”