बायकांच्या मापाचा चष्मा

१९४६च्या उन्हाळ्यात भाईंदरच्या एका मिठागरावर मीठ ओढणाऱ्या गड्यांना शेठनं काळे चष्मे दिले. पांढऱ्या मिठावरचं ऊन डोळे जाळायचं. तेच मीठ टोपल्यांतून वाहणाऱ्या बायकांना मात्र काही मिळालं नाही. त्यांतली चांगुणा भांडायला गेली, कारण तिच्यासोबत टोपली वाहणाऱ्या थोरल्या जावेला भर दुपारीही धूसर दिसू लागलं होतं. परशुराम मुकादमानं एक चष्मा तिच्या नाकावर ठेवला, तो घसरून हनुवटीवर आला. गडी हसले.

“एवढंसं तोंड तुझं. बायकांच्या मापाचा निघतच न्हाय,” मुकादम म्हणाला. चांगुणानं राग गिळून टोपलं उचललं.

पुढं शेठाणी मिठागर बघायला आली. चेहरा चांगुणासारखाच बारीक, आणि त्यावर चपखल बसलेला काळा चष्मा.

“बाई, किती शोभतोय. कुठं गावला?” चांगुणानं विचारलं.

शेठाणी खूश झाली. “मुंबईला, फोर्टात. लहान चेहऱ्याला फ्रेम लहानच घ्यावी, कानशिलाबाहेर जाता कामा नये. तिथे सगळ्या मापाचे मिळतात गं.”

मुकादम दुसरीकडे बघू लागला. चांगुणानं भरलेलं टोपलं त्याच्या पायाशी ओतलं आणि ती बांधावर जाऊन बसली. एकेक करत साऱ्या बायका तिच्या शेजारी येऊन बसल्या.

“उठा गं. पावसाळा तोंडावर आलाय, सगळं मीठ भिजेल,” मुकादम ओरडला.

“भिजू दे,” चांगुणा म्हणाली. “मीठ पुढल्या सालीबी पिकेल. डोळे न्हाय.”