उत्तर आलं नाही तर

“‘साठा राखून ठेवतं’ एवढंच लिहिलंस तर तो एजंट काय करेल माहितेय?” काका म्हणाले. “उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा राखेल. एका हॉस्पिटलच्या चाळीस कुप्यांच्या ऐंशी होतील, आणि दुसऱ्याला आपण कळवू, शिल्लक नाही.”

तिने लिहून घेतलं : तीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर हीच आज्ञा पुन्हा देऊ नये. साठा राखला गेला आहे का, ते आधी नोंदींत पाहावं.

औषधांच्या त्या शीतगोदामात ती दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागली होती. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली. गोदामाच्या संगणकात अकरा टूल्स होती. साठा शोधणारं, राखून ठेवणारं, गाडी ठरवणारं. ही टूल्स आजवर गोदामातले सगळ्यांत जुने कर्मचारी, काका, चालवत. आता एआय एजंट, म्हणजे माणसाच्या जागी काम करणारा प्रोग्रॅम, चालवणार होता. कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं आणि कधी अजिबात वापरायचं नाही, हे तिने त्याच्यासाठी लिहायचं होतं. लिहिलेलं तेवढंच त्याला कळणार.

आणि लिहिलेलं काहीच नव्हतं. एकतीस वर्षांचा कारभार काकांच्या डोक्यात होता.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले होते, थोडा वेळ थांबायचं. तिने विचारलं, थोडा म्हणजे किती सेकंद? तेव्हापासून ते तिला सायंटिस्ट म्हणत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच मोबाइलवर वेळ लावून बसले आणि तीसचा आकडा घेऊन आले.

त्यांनी हे काम अंगावरच घेतलं. सुटी झाल्यावरही थांबत. आठवलेलं काहीबाही जुन्या लेबलांच्या पाठीवर खरडून आणत. तिचा मजकूर नवख्या माणसासारखा वाचत आणि अडत. “योग्य ती तारीख लिहावी, म्हणतेस. योग्य म्हणजे कुठली? त्याच्या आजीने सांगितलेली?” ती हसायची, पण वाक्य बदलायची. उत्पादनाची तारीख नव्हे, मुदत संपण्याची.

आठवड्यातून दोनदा तरी ते सहज विचारल्यासारखं विचारत, एजंटची चाचणी कधी आहे म्हणून.

गाडीचा ड्रायव्हर एकदा चहा पिता पिता म्हणाला, म्हातारा स्वतःच्या खुर्चीचे पाय स्वतःच कापतोय आणि करवतीला धार ही पोरगी लावून देतेय. सगळे हसले. तिने कप तसाच खाली ठेवला.

कारखाना बंद पडल्यावर तिचे वडील दोन वर्षं घरी बसले होते. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीशी बसायचे.

एजंट पास झाला तर तुम्ही काय करणार, असं तिने काकांना एकदा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. सुट्टीच सुट्टी, म्हणाले आणि हसले. ते हसणं तिला खरं वाटलं नाही.

चाचणीच्या आदल्या दुपारी तिने शेवटची फाइल उघडली. मुख्य कार्यालय प्रत्येक गोदामाच्या एजंटची चाचणी वर्षातून एकदाच घेत असे. चाचणीतला साठा खोटा, हॉस्पिटलं खोटी. कुठल्याच रुग्णाचं काही अडणार नव्हतं. हे तिने दोनदा तपासलं. तिची स्वतःची नोकरी अजून कच्ची होती. त्याचाही विचार केला.

मग ‘साठा राखून ठेवा’च्या वर्णनातली तीस सेकंदांची ती दोन वाक्यं तिने पुसली आणि फाइल पाठवून दिली.

सकाळी मुख्य कार्यालयाची माणसं आली. दोनशे बारा मागण्या एजंटने बिनचूक हातावेगळ्या केल्या. काका मागे उभे होते, हाताची घडी घालून. दोनशे तेरावीला त्या लोकांनी मुद्दामच उत्तर अडवून धरलं. एजंट थांबला. त्याने पुन्हा साठा राखला. पुन्हा एकदा राखला. चाळीस, ऐंशी, एकशे वीस. पुढच्या हॉस्पिटलला निरोप गेला, शिल्लक नाही.

मुख्य कार्यालयाच्या साहेबांनी लॅपटॉप मिटला. काका पडद्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे.

दुपारी गोदामाच्या मॅनेजर मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, ते ती जिन्यातच ठरवून आली होती.

“बस. घाबरू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “काकांनी लिहून दिलंय, ही गोष्ट तुला सांगायची त्यांच्याकडूनच राहून गेली.”

तिने एवढंच विचारलं, “म्हणजे काकांची खुर्ची राहिली ना?”

“राहिली ना. तेच तर.” मॅडमनी खणातून एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. काकांच्या अक्षरातला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता, दीड वर्षापूर्वीच्या तारखेचा. “एजंट पास झाला की त्याच दिवशी सही करते, असा शब्द दिला होता मी. आता पुढच्या चाचणीपर्यंत त्यांना सोडता येत नाही.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काकूंची नजर चाललीय गं. दिसतंय तोवर तिला चार ठिकाणं दाखवून आणतो, म्हणत होते. डॉक्टरांनी दहा महिने सांगितलेत.”