हलकी कात्री

"बघितलं?" साखरेच्या बरणीचं झाकण नवऱ्यासमोर नाचवत टेलरबाई म्हणाली. "एका झटक्यात उघडलं."

"आता कुस्तीलाच उभी राहा," बसड्रायव्हर नवरा चहा ढवळत म्हणाला. "मग, सांगायचं का पोरींना?"

हाच प्रश्न वर्षभर दोघांच्या डोक्याला भुंगा लावून होता. तिचं सांध्यांचं दुखणं आता जन्मभराचं होतं. सकाळी बोटं अशी आखडायची की साधं बटण लावताना नाकी नऊ यायचे. पण पोरींना तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. मागे हातातून बरणी निसटून फुटली, तेव्हाही "हात ओले होते" म्हणत वेळ मारून नेली होती. औषध लागू पडलं की मगच सांगायचं, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला?

आणि नवं औषध लागू पडलं होतं. महिनाभर झाकणं पटापट निघत होती. बेतायची जाडजूड कात्रीसुद्धा हलकी चालत होती. कापडाची कड जरा कुरतडल्यासारखी येई, पण हल्ली कापडातच दम नसतो, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. गुण नसेल तर औषध बदलू, असं डॉक्टर म्हणाले होते. उद्या ती त्यांना ठणकावून सांगणार होती, हेच चालू ठेवा.

पोरीही अलीकडे भलत्याच गुणी झाल्या होत्या. जेवणं झाली की ओटा त्याच आवरत, आईला तिकडे फिरकूही देत नसत. मशीनच्या खणातला स्क्रू-ड्रायव्हर तेवढा कधी जागेवर सापडत नव्हता.

संध्याकाळी तिने दोघींना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"हा आजार पुरता जात नाही, पण औषधाने ताब्यात राहतो. तुमच्या कुणामुळे झालेला नाही. काही वाटलं तर मला विचारायचं, मनात ठेवायचं नाही."

थोरली नखं बघत बसली. धाकट्या टिल्लीने विचारलं, "दुखतं तेव्हा रडतेस?"

"कधीकधी. पण आता बघ." तिने बरणी आणून झाकण उघडून दाखवलं.

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मग टिल्लीने टाळ्या वाजवल्या आणि थोरली आईला बिलगली.

टेलरबाईचा जीव भांड्यात पडला. एवढंसं बोलायला आपण वर्ष घालवलं, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. फार दिवसांनी ती चार घास पोटभर जेवली.

जेवणानंतर पोरी ओटा आवरायला गेल्या. पाण्याचा जग ठेवायला ती दाराशी आली, तर आत टिल्ली कुजबुजत होती.

"ताई, आई बरी झाली ना? मग आता झाकणं सैल करून ठेवायला नकोत?"

"गप," थोरली म्हणाली. "झाकणं मी बघते. तू कात्रीचा स्क्रू अजून सैल आहे ना, तेवढं बघून ये."