पाच कोटींत एक

रामकुंडावर तासभर झाला, तरी वाल्मीकच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. "तुझ्या पोरीला मी शिकवीन," थोरल्या भावाने हात जोडून शब्द दिला. कावळे भिंतीवरून हलले नाहीत. त्याचा जीव कशात अडकलाय, हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तिने पिशवीतून त्याचा मोबाइल काढला. गेममधला जॅकपॉटचा आकडा अजून वाढतच होता. "हरणाऱ्यांच्या पैशांवर फुगतो तो," तिने कितीदा समजावलं होतं. "तुमचा चान्स दर खेपेला तेवढाच, पाच कोटींत एक." "त्यात माझंही लय गेलंय," तो म्हणायचा, "सोडलं तर दुसराच नेईल." दवाखान्यात शुद्ध हरपल्यावरही त्याचा अंगठा चादरीवर बटण दाबत राहिला होता. तिने डोळे मिटले. "अहो, तुमचा खेळ मी पुढे चालवीन." कावळा झेपावला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तिचा अंगठा पदरावर बटण दाबू लागला.