पदराआडची बाई

"मग ती बाई इहिरीच्या कडंला हुबी ऱ्हायली. केस मोकळं, आन् पदर पार तोंडावर वढल्याला," धोंडुबाई सांगत होती, आणि दाराबाहेर शांतवन वायदंडे दात-ओठ खात ऐकत होता.

ठराव त्यानंच मांडला होता, कालच, रविवारच्या उपासनेनंतर. कोयनानगरच्या मैदानावर शनिवारी भुताचा सिनेमा होता. ख्रिस्ती घरातल्या कुणी तो बघू नये, आणि घरातही भुताखेतांच्या गोष्टी काढू नयेत, असा ठराव. कुणीतरी चाचरत म्हणालं, "करमणूकच ती, शांतवनराव." त्यावर तो कडाडला होता, "मेलेलं माणूस देवाच्या हाती असतं. त्याचा खेळ मांडायचा न्हाई!" मंडळीचा पंचच बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी मुकाट माना डोलावल्या. आणि आज पंचांची नऊ वर्षांची लेक करुणा शेजारणीच्या सोप्यात शेंगा फोडत भूत ऐकत बसली होती. नाक कापलं जातं म्हणतात, ते असं. पोरीला हाताला धरून घरी न्यायची, म्हणून त्यानं पाऊल उचललं.

"मावशी, तिचा पदर सरकतो का कवा?" आतून करुणाचा आवाज आला.

"न्हाई गं बाई. भुताचं तोंड कुनाला दिसत न्हाई."

"जरासुदिक न्हाई?"

"आन् तुला कशाला बगायचंय? भ्या वाटत न्हाई व्हय?"

"आई बी मेलीया की. मला तिचं तोंडच आठवत न्हाई. पदर सरकला तर कळंल तरी."

शांतवनचं पाऊल तिथंच राहिलं.

पाच वर्षांपूर्वी भूकंपात भिंत पडली आणि त्याची बायको मार्था गेली. लग्नाचा एकुलता एक फोटो त्याच भिंतीवर होता, तोही गेला. करुणा तेव्हा चार वर्षांची. पुढं कधी तिनं आईबद्दल विचारलं की शांतवन म्हणायचा, "आई प्रभूजवळ हाय," आणि टोपी उचलून धरणाच्या स्टोअरमधल्या कामावर निघून जायचा. उत्तर खरं होतं. पण आई कुठं आहे एवढंच त्यानं सांगितलं होतं. ती कशी होती, हे पाच वर्षांत एकदाही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. निघणार कसं? तिची आठवण त्याला इतकी यायची, की नाव घेतलं तर पोरीसमोर हुंदका फुटेल याची त्याला धास्ती होती.

तो आत आला. धोंडुबाई गडबडीनं उठली. ती माणदेशातली, भूकंपानंतर वसाहतीत आलेली. मार्थाला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. पण शांतवनरावांचा ठराव मात्र तिच्या कानावर आला होता.

"आवं दादा, पोरीला बोलू नगा. चूक माजी हाय. पुन्यांदा न्हाई सांगायची असलं काय."

करुणानं मान खाली घातली. फोडलेले दाणे तिच्या ओच्यात होते, ते तिनं मुठीत घट्ट धरले.

"करुणा," शांतवन म्हणाला, "तुझी आई..." तो शेंगांच्या ढिगापाशी खाली बसला. एक शेंग उचलली. ती त्याच्या बोटांनी फुटेना.

धोंडुबाई बोलणी खायच्या तयारीनं उभीच होती. पोरीकडं न बघता तो धोंडुबाईला म्हणाला,

"थांबलासा का? सांगा की पुढं. पदर सरकू द्या तिचा. हनुवटीला डाव्या अंगाला तीळ हाय... आन् हसताना तोंडावर हात धरायची, तेवढं इसरू नगा."