आणखी सहा महिने

संसाराच्या तिढ्यांवर समुपदेशन करणाऱ्या दर्शनाला सकाळीच नवऱ्याचा बोटीवरून फोन आला. येत्या आठवड्यात घरी यायचं सोडून त्याने करार परस्पर सहा महिने वाढवला होता.

अकराला मनस्वी सल्ल्यासाठी आली. "मॅडम, हे शुक्रवारी बोटीवरून उतरतायत, दहा महिन्यांनी. मला भीतीच वाटत्ये. घरात कोणी परका माणूस येणार असल्यासारखी."

दर्शनाचा जळफळाट झाला. 'मग राहू देत तिकडेच,' असं ओठांवर आलं. ते गिळून ती म्हणाली, "पहिले दोन दिवस काही विचारू नकोस, झोपू दे त्यांना. मग दोघंच भाट्याच्या किनाऱ्यावर जा. भीती वाटत होती, हेही सांग."

मनस्वीचा चेहरा उजळला. "तुमचेही बोटीवर असतात ना? तुम्ही असंच करता?"

"सगळं ठरवून ठेवलंय," दर्शना म्हणाली. "ते आले की करायचंय."