चकलीच्या कारखान्याच्या मालकिणी

"मॅडम आल्या की मला मालक म्हणायचं नाही. चुकूनसुद्धा!" दिगंबर पाळंद्यांनी बायकांना पुन्हा एकदा बजावलं.

"न्हाई म्हणत," सरूबाई म्हणाली. पीठ मळता मळता तिनं मानसुद्धा वर केली नाही.

धायरीतला हा चकलीचा कारखाना दिगंबररावांचा. सरकारनं किमान वेतन वाढवलं आणि शनिवार पेठेतल्या या गृहस्थांची झोपच उडाली. पगारवाढ म्हणजे नफ्याला कात्री! पण हार मानतील ते दिगंबरराव कसले? त्यांनी डोकं लढवलं. किमान वेतन द्यायचं ते नोकरांना. नोकरच नसले तर?

झालं! वकील गाठला, रीतसर करार केला, नोंदवूनही घेतला. सगळ्या बायका भागीदार. कारखाना त्यांचा, परवाना त्यांचा. मागच्या पगारांची थकबाकी अंगावर यायला नको म्हणून स्वतःचं नाव मात्र मुद्दाम बाहेर ठेवलं.

"अहो, पुन्हा एकदा विचार करा," वकील म्हणाला.

"सल्ला विचारलाय का मी? टाइप करा."

बायकांची त्यांना मुळीच काळजी नव्हती. इतक्या वर्षांत एकीनंही उलटून उत्तर दिलं नव्हतं. सरूबाईनं तेवढं विचारलं होतं, "म्हंजे कारखाना आमचा झाला?"

"कागदावर गं! नाटकात राणी होतात ना, तसं."

"बरं," म्हणून ती गप्प कामाला लागली होती.

कामगार खात्याच्या मॅडम दुपारी आल्या. ठरल्याप्रमाणे दिगंबरराव आपली फिरती खुर्ची सोडून, जुना सदरा चढवून कढईत तेल ओतत होते. मॅडमनी करार नीट वाचला.

"म्हणजे तुम्ही सगळ्या मालकिणी?"

"व्हय!" बायका एका सुरात म्हणाल्या. दिगंबररावांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"मग पगारी माणूस कुणीच नाही?"

सरूबाईनं पदराला हात पुसले. "हाय की. त्यो काय, तेल वततोय."

दिगंबररावांच्या हातातला डबा कलंडला. पण बोलणार काय? तोंड उघडलं की सगळंच उघडं पडणार.

"मग नवे दर त्यांना लागू आहेत. कमी देऊन चालणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"छ्या! एक रुपया कमी द्यायच्या न्हाई आम्ही. गरिबाचं पोट हाय त्याचं."

मॅडम खूश होऊन गेल्या. जीप वळेपर्यंत दिगंबररावांनी दम धरला आणि मग हसत हसत खुर्चीत अंग टाकलं.

"शाब्बास, सरूबाई! काय बेमालूम नाटक केलंस गं! मी तर घाबरलोच."

कुणीच हसलं नाही. सरूबाई पुढं आली, तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

"उठा, दिगंबरराव. पगार नव्या दरानंच मिळंल. पर तेल सांडलेलं आम्हाला चालायचं न्हाई."